सजीवांची सृष्टी कशी ठरते

२०२० सालच्या जूनमध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले. उल्का आदळून तयार झालेल्या या विवरातले पाणी मुळातच खारे आणि अल्कधर्मी. त्या वर्षी पाण्याची पातळी घटली, खारेपणा वाढला आणि बघता बघता रंग पालटला. विषय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेला, पाण्याचे नमुने प्रयोगशाळांकडे रवाना झाले. सुरुवातीला संशय शेवाळावर होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने तपासणी करून सांगितले, की हा रंग हॅलोआर्किया नावाच्या मीठप्रेमी सूक्ष्मजीवांचा आहे.

खाऱ्या पाण्यातले ते शेवाळ काय किंवा हॅलोआर्किया काय, दोघेही डोळ्यांना न दिसणारे, दोघेही तीव्र मिठात तगणारे, दोघांच्याही पेशींत लालसर रंगद्रव्य. मग फरक तो केवढा? जीवशास्त्रज्ञांच्या हिशेबाने फरक एवढा आहे, की ते शेवाळ हॅलोआर्कियापेक्षा माणसाच्या जास्त जवळचे आहे. विधान विलक्षण वाटते, पण ते अक्षरशः खरे आहे. ते खरे का, हे नीट उलगडले, की सजीवांची वाटणी सृष्टींमध्ये कशी होते हेही उलगडते.

आधी सृष्टी म्हणजे काय ते पाहू. आंब्याचे शास्त्रीय नाव मॅंजिफेरा इंडिका. पहिला शब्द प्रजातीचा, दोन्ही मिळून जातीचे नाव. प्रजातीच्या वर कुल. आंब्याच्या कुलात काजू आहे, बिब्बाही आहे. हे नाते नुसते कागदावरचे नाही. आंब्याचा चीक, काजूच्या टरफलातले तेल आणि बिब्ब्याचे तेल ही तिन्ही कातडीवर उततात, कारण त्यांतली दाहक द्रव्ये रासायनिकदृष्ट्या एकाच घराण्यातली आहेत. कुलाच्या वर गण. तिथे लिंबू, संत्रे आणि कडुनिंब आंब्याला येऊन मिळतात. गणाच्या वर वर्ग, वर्गाच्या वर संघ किंवा विभाग, आणि त्याहून वर सृष्टी. एकेक पायरी वर जाताना आपण काळात मागे जात असतो. आंबा आणि काजू यांचा समान पूर्वज तुलनेने अलीकडचा, आंबा आणि कडुनिंब यांचा त्याहून जुना. सृष्टीच्या पातळीवर आपण अब्ज किंवा त्याहून अधिक वर्षांपूर्वीच्या फाट्यांबद्दल बोलत असतो. फाटा जितका जुना, तितके आजचे वरवरचे रूप फसवे. म्हणूनच जाती ओळखणे जमले तरी सृष्टी ठरवणे अवघड जाते.

सृष्टी ठरवताना सगळे काही पहिल्या प्रश्नावर अवलंबून असते. समोरच्या जीवाला आधी काय विचारायचे? गेल्या तीनशे वर्षांत हा पहिला प्रश्न चार-पाच वेळा बदलला, आणि प्रत्येक वेळी काही जीव एका सृष्टीतून उठून दुसऱ्या सृष्टीत गेले.

आपल्या परंपरेने त्याही आधी विचारलेला प्रश्न होता : जन्म कसा होतो? त्यातून जारज, अंडज, स्वेदज आणि उद्भिज या चार खाणी झाल्या. संतवाङ्मयामुळे मराठी माणसाला त्या अजून परिचयाच्या आहेत. एकच कसोटी सर्वांना सारखी लावणारी ही सुसंगत मांडणी आहे आणि तिचा मला आदर वाटतो. मात्र तिच्यात साप, मासा आणि चिमणी एकत्र येतात आणि घामातून कोणी जन्मत नसल्याने स्वेदजांची खाणच पुढे रिकामी झाली.

स्वीडनच्या कार्ल लिनियसने १७३५मध्ये ‘सिस्टिमा नॅचुरे’ छापले, तेव्हा त्याची पहिली आवृत्ती मोठ्या आकाराच्या जेमतेम डझनभर पानांची होती. त्यात निसर्गाच्या तीन सृष्टी होत्या : खनिजे, वनस्पती आणि प्राणी. सजीवांपुरते पाहिले तर दोनच. लिनियसची कसोटी संवेदनेची आणि हालचालीची. जाणीव असलेला आणि हलणारा तो प्राणी, नुसताच वाढणारा ती वनस्पती. या कसोटीने अळंबी सरळ वनस्पतींत गेली. जमिनीतून उगवते, जागची हलत नाही, मग आणखी काय असणार? फुले न येणाऱ्या वनस्पतींच्या वर्गात नेचे आणि हरिता यांच्या शेजारी तिला जागा मिळाली, आणि ती तिथे दोनशे वर्षांहून जास्त काळ राहिली.

लिनियसच्या कितीतरी आधी, १६७६मध्ये, डेल्फ्टच्या अंतोनी व्हॅन लेव्हेनहूक या कापडाच्या व्यापाऱ्याने स्वतः घासलेल्या भिंगातून पाहिलेल्या सूक्ष्मजीवांचे वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले होते. लिनियसला त्यांचे काय करावे हे उमगले नाही. प्राण्यांमधल्या कृमींच्या वर्गात अगदी शेवटी त्याने ‘केऑस’ नावाची एक प्रजाती केली आणि पुढे गेला. सूक्ष्मदर्शके सुधारत गेली तशी ही अडचण वाढली. डबक्याच्या पाण्यातली युग्लीनाच घ्या. तिच्या पेशीत हरितद्रव्य असते, उजेडात ती स्वतःचे अन्न तयार करते, म्हणजे वनस्पती. पण ती कशाभिकेच्या, म्हणजे चाबकासारख्या शेपटीच्या, फटकाऱ्याने पोहते आणि अंधारात बाहेरचे अन्न शोषून जगते, म्हणजे प्राणी. वनस्पतिशास्त्रज्ञ तिला आपल्या नामकरणाच्या नियमांत धरत, प्राणिशास्त्रज्ञ आपल्या. एकाच जीवावर दोन नियमावल्यांचा हक्क होता.

१८६६मध्ये जर्मनीच्या येना विद्यापीठातल्या अर्न्स्ट हेकेलने अशा जीवांसाठी प्रोटिस्टा ही तिसरी सृष्टी मांडली. कल्पना धाडसी होती, पण त्या सृष्टीत जमवलेली मंडळी फार वेगवेगळी होती. डायटम नावाची एकपेशीय शेवाळे होती, अमीबा होते, जीवाणू होते, स्पंजसुद्धा होते. ना धड वनस्पती ना धड प्राणी, एवढेच त्यांच्यातले साम्य. नकारावर उभा केलेला गट टिकत नाही. प्रोटिस्टांची पुढची सगळी कहाणी हा गट फुटत जाण्याची आहे.

खरा पाया बदलला तो पेशीच्या आत डोकावल्यावर. फ्रेंच शास्त्रज्ञ एदुआर शाताँ यांनी १९२५मध्ये पेशींचे दोन प्रकार नोंदवले. काही पेशींत आवरणाने बंदिस्त केलेले केंद्रक असते, काहींत ते नसते. आपल्या पाठ्यपुस्तकांत यांना दृश्यकेंद्रकी आणि आदिकेंद्रकी म्हणतात. या भेदाचे महत्त्व सर्वांच्या गळी उतरायला १९६२ उजाडले. त्या वर्षी रॉजर स्टॅनियर आणि कॉर्नेलिस व्हॅन नील यांनी जीवाणू म्हणजे नेमके काय, हे या भेदाच्या आधारे स्पष्ट मांडले. दरम्यान हर्बर्ट कोपलँड यांनी १९३८मध्येच जीवाणूंना स्वतंत्र सृष्टी देऊन एकूण चार सृष्टी केल्या होत्या. आता पहिला प्रश्न झाला : केंद्रक आहे का? हलतो का, हिरवा आहे का, हे प्रश्न मागे पडले.

शाळेत आपण शिकतो ती पंचसृष्टी पद्धत रॉबर्ट व्हिटाकर यांची. १९६९मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्यांनी ती मांडली. ते परिसंस्थांचे अभ्यासक होते, आणि त्यांच्या दृष्टीने कोण काय खातो हा निसर्गातला मूलभूत व्यवहार होता. त्यांचे प्रश्न क्रमाने असे लागतात. केंद्रक नसेल तर जीव मोनेरात. केंद्रक आहे, पण एकच पेशी असेल तर प्रोटिस्टात. केंद्रक आहे आणि पेशी अनेक असतील, तर अन्न कसे मिळवतो ते विचारायचे. सूर्यप्रकाशात स्वतः तयार करणारी वनस्पती, गिळून आत पचवणारा प्राणी, आणि शरीराबाहेर पाचकरस सोडून विरघळलेले अन्न शोषणारी कवके. कवके म्हणजे अळंबी, भाकरीवरची बुरशी.

अळंबीला अखेर स्वतःची सृष्टी मिळाली. तिची जगण्याची रीतच निराळी आहे. पावसाळ्यात जमिनीवर दिसते ती छत्री म्हणजे तिचे फळ. खरे शरीर जमिनीखाली किंवा लाकडात पसरलेल्या बारीक तंतूंचे असते, आणि ते तंतू अन्नातच राहून अन्न विरघळवत असतात. गोव्यात आणि कोकणात पावसाळ्यात वारुळांवर येणारी अळंबी तर वाळवीच पोसते. वाळवी पालापाचोळा आणि लाकूड आत नेऊन त्यावर हे तंतू वाढवते, आणि बुरशीने पचवलेले ते अन्न मग स्वतः खाते.

पण अन्नाचा प्रश्न एकटा पुरत नाही, आणि हे व्हिटाकर यांनाही ठाऊक होते. झाडांवर पिवळ्या दोऱ्यांसारखी पसरलेली अमरवेल पाहा. तिला पाने जवळजवळ नाहीत, हरितद्रव्य नावापुरते, अन्न सगळे यजमान झाडातून शोषलेले. शोषते म्हणून ती कवकांत जाते का? नाही. तिला फुले येतात, बिया होतात, आणि तिचे कुल रताळ्याचे आहे. तिचे पूर्वज हिरवे होते आणि परोपजीवी झाल्यावर तिने हिरवेपण गमावले. म्हणजे सवयीपेक्षा वंश महत्त्वाचा. डार्विननंतर सर्वांना हे तत्त्वतः मान्य होते. पण जीवाणूंसारख्या जीवांचा वंश शोधायचा कसा? त्यांना हाडे नाहीत, फुले नाहीत, आकार म्हणावा तर गोल, दांडा किंवा मळसूत्र. त्यांची वंशावळ कधी कळणारच नाही, असे मोठमोठ्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी मान्य करून टाकले होते.

कार्ल वोज यांनी ते मान्य केले नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात काम करणारा हा माणूस शिक्षणाने जीवभौतिकशास्त्रज्ञ होता, आणि त्यांची चिकाटी मला या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. त्यांचा तर्क असा होता. छापखाना येण्याआधी पोथ्या हाताने नकलून घेत. नकलताना चुका होत, आणि चुकलेल्या प्रतीवरून पुढची प्रत केली की चूकही पुढे जाई. आज दोन प्रतींत नेमकी तीच चूक सापडली, तर त्या एकाच मूळ प्रतीवरून आल्या हे कळते, आणि पुरेशा प्रती ताडून पाहिल्या तर कोणती कोणावरून उतरवली याची वंशावळ मांडता येते. पेशीतही पिढ्यान्‌पिढ्या नकलले जाणारे मजकूर असतात. प्रश्न एवढाच, की त्यांतला कोणता वाचायचा?

वोज यांनी रायबोसोम निवडला. रायबोसोम हे पेशीतले प्रथिने बनवण्याचे यंत्र. ते प्रत्येक सजीव पेशीत असते, सगळीकडे तेच काम करते, भरपूर प्रमाणात मिळते, आणि त्याचा मजकूर फार सावकाश बदलतो. बदल झाला आणि यंत्र बिघडले तर पेशीच मरते, त्यामुळे फार थोडे बदल टिकतात. अतिप्राचीन नाती शोधायला नेमका असाच संथ मजकूर हवा. आदिकेंद्रकी पेशींत या यंत्राच्या लहान भागात सोळा-एस नावाचा आरएनएचा एक धागा असतो, सुमारे १,५०० अक्षरांचा.

तेव्हा हा धागा सलग वाचण्याची सोय नव्हती. म्हणून वोज आणि त्यांचे सहकारी जीवाणू किरणोत्सारी फॉस्फरस घातलेल्या खाद्यावर वाढवत, त्यांचा आरएनए वेगळा काढत आणि एका विकराने त्याचे तुकडे करत. आरएनएच्या ए, यू, जी आणि सी या चार अक्षरांपैकी जी जिथे येईल, त्याच्या लगेच पुढे हे विकर कापते. तुकडे मग विजेच्या दाबाने कागदावर पसरवायचे, आधी एका दिशेने, नंतर दुसऱ्या. त्यावर क्ष-किरणांची फिल्म ठेवली की जिथे तुकडा आहे तिथे काळा ठिपका उमटे. ठिपका कुठे आहे यावरून आणि पुढच्या आणखी कापाकापीवरून त्या तुकड्यातली अक्षरे ठरवायची. अशा तुकड्यांची यादी म्हणजे त्या जीवाची ओळख. दोन जीवांच्या याद्यांत जितके मोठे तुकडे समान, तितके नाते जवळचे. एकेका जीवाची यादी व्हायला महिने लागत. उजळलेल्या काचेवर फिल्म ठेवून वोज दिवसचे दिवस ठिपके वाचत बसत. हे त्यांनी वर्षानुवर्षे केले.

१९७६मध्ये त्याच विद्यापीठातल्या राल्फ वोल्फ यांनी त्यांना मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव दिले. गोबरगॅसच्या टाकीत आणि गाई-म्हशींच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात राहणारे जीव याच जातकुळीचे. दिसायला ते साध्या जीवाणूंसारखे आणि त्यांना केंद्रकही नाही. पण त्यांच्या फिल्मवर, तोवर तपासलेल्या सगळ्या जीवाणूंमध्ये हमखास सापडणारे ठिपके नव्हते. वोज यांनी काम पुन्हा करवून घेतले. उत्तर तेच आले. हे जीव जीवाणूंपासून तितकेच दूर होते, जितके दृश्यकेंद्रकी जीव जीवाणूंपासून दूर आहेत.

नोव्हेंबर १९७७मध्ये वोज आणि जॉर्ज फॉक्स यांनी हे प्रसिद्ध केले, आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने बातमी पहिल्या पानावर घेतली. शास्त्रज्ञांत मात्र बहुतेकांनी ते उडवून लावले. नोबेल विजेते साल्वादोर लुरिया यांनी फोन करून या प्रकरणापासून दूर राहण्याचा सल्ला दिल्याचे वोल्फ यांनी पुढे लिहून ठेवले आहे. पण पुरावे साचत गेले, आणि तेही निरनिराळ्या दिशांनी. या जीवांच्या पेशीभित्तिकेत जीवाणूंचे खास पेप्टिडोग्लायकन नव्हते. त्यांच्या पेशीपटलातले मेद वेगळ्याच रासायनिक बंधांनी जोडलेले होते. उकळत्या झऱ्यांतले आणि मिठागरांतले काही सूक्ष्मजीवही याच गटात निघाले. १९९०मध्ये वोज, ओटो कांडलर आणि मार्क व्हीलिस यांनी सृष्टीच्याही वर डोमेन ही पायरी घातली आणि तीन डोमेन मांडली : बॅक्टेरिया, आर्किया आणि युकॅरिया. १९९६मध्ये समुद्राच्या तळातल्या एका आर्कियाचा संपूर्ण जीनोम वाचला गेला, तेव्हा त्यातली निम्म्याहून अधिक जनुके तोवर ओळखीची नव्हती.

लोणारचा हॅलोआर्किया याच दुसऱ्या डोमेनमधला. शेवाळ तिसऱ्या, म्हणजे आपल्या डोमेनमधले. शेवाळाच्या पेशीत केंद्रक आहे, तंतुकणिका आहेत, आणि त्याच्या रायबोसोमचा मजकूर आपल्या मजकुराशी जुळतो.

वोज यांच्यानंतर पहिला प्रश्न कायमचा बदलला. आता विचारतात : तुझा पूर्वज कोण? आणि त्याला जोडून एक कडक नियम आला. गट खरा तेव्हाच, जेव्हा त्यात एक पूर्वज आणि त्याचे सगळे वंशज असतील, एकही न वगळता. हा नियम लावला की मोनेरा मोडते, कारण बॅक्टेरिया आणि आर्किया एकत्र करून त्यांच्यापासून उपजलेल्या बाकीच्यांना बाहेर ठेवता येत नाही. प्रोटिस्टाही मोडते, कारण त्यातले काही प्राण्यांचे नातलग, काही वनस्पतींचे, तर काही कोणाचेच नाहीत. विषाणूंचा प्रश्नही इथे आपोआप बाजूला पडतो. त्यांना रायबोसोमच नसल्यामुळे हा मजकूर त्यांच्यात नाही.

या प्रश्नातून अळंबीच्या नात्याचे जे उत्तर मिळाले, ते मला सर्वांत सुंदर वाटते. १९९०च्या दशकात जनुके ताडून पाहिल्यावर दिसले, की कवके वनस्पतींपेक्षा प्राण्यांच्या जवळची आहेत. खुणा आधीपासून समोर होत्या. कवकांच्या पेशीभित्तिकेत कायटिन असते, जे खेकड्याच्या आणि झुरळाच्या कवचात असते. वनस्पती साखर स्टार्चच्या रूपात साठवतात, कवके आणि आपण ग्लायकोजेनच्या. पाण्यात राहणाऱ्या आदिम कवकांचे बीजाणू मागच्या एका शेपटीने पोहतात, आपल्या शुक्रपेशींसारखेच.

या नात्याची किंमत रुग्णाला मोजावी लागते. २०२१मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्रात काळ्या बुरशीचे, म्हणजे म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढले आणि अँफोटेरिसिन-बी या औषधासाठी नातेवाइकांची धावाधाव झाली. हे औषध कवकांच्या पेशीपटलातल्या अर्गोस्टेरॉलला जाऊन चिकटते. पण आपल्या पटलातले कोलेस्टेरॉल त्याच जातीचे आहे, म्हणून ते थोडे आपल्यालाही बाधते आणि मूत्रपिंडांवर ताण येतो. पेनिसिलीन ज्या भित्तिकेवर घाव घालते, ती आपल्या पेशींना नाहीच. म्हणून जीवाणूंवर औषधे पुष्कळ, आणि कवकांवर, म्हणजे आपल्याच भाऊबंदांवर, मोजकी.

सृष्टी चुकली तर औषध चुकते, हे नाशिक-सांगलीच्या द्राक्षबागायतदाराला वेगळे सांगायला नको. द्राक्षावर दोन रोग नेहमीचे, डाऊनी आणि भुरी. डाऊनीला केवडाही म्हणतात. दोन्हींत पानावर पांढरे काहीतरी दिसते आणि दोन्हींना वर्षानुवर्षे बुरशीच म्हटले गेले. भुरी खरी बुरशी आहे. केवडा बुरशी नाही. तो ऊमायसीट नावाच्या गटातला आहे. त्याच्या पेशीभित्तिकेत कायटिनऐवजी मुख्यतः सेल्युलोज असते, आणि त्याचे बीजाणू पानावरच्या पाण्याच्या थरात दोन कशाभिकांनी पोहत जाऊन पर्णरंध्रांतून आत शिरतात. छाटणीनंतर पाऊस लागला की डाऊनी का उसळते आणि भुरीला ओल्या पानाची गरज का नसते, हे त्यावरून कळते. हेक्झाकोनॅझोलसारखी औषधे कवकाला अर्गोस्टेरॉल बनवू देत नाहीत, म्हणून भुरीवर चालतात. केवडा अर्गोस्टेरॉल बनवतच नाही, त्यामुळे त्याच्यावर ती वाया जातात. उलट मेटॅलॅक्झिल ऊमायसीटांचे आरएनए बनवणे थांबवते आणि भुरीला ते स्पर्श करत नाही. सुपारीचा कोळेरोग आणि नागपुरी संत्र्याचा डिंक्या यांचे कारण असलेला फायटोप्थोरा याच गटातला, आणि १८४५पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक नासवून दुष्काळ आणणाराही फायटोप्थोराच.

मग ऊमायसीट कोणाचे नातलग? जनुके सांगतात, डायटमचे आणि तपकिरी समुद्री शेवाळांचे. मालवण-रत्नागिरीच्या खडकाळ किनाऱ्यावर लाटांबरोबर हलणारे सरगॅसम दिसायला झुडपासारखे असते. त्याला पानांसारखी पाती असतात आणि ते सूर्यप्रकाशावर जगते. तरीही ते आंब्याचे किंवा माडाचे नातलग नाही. द्राक्षावरचा केवडा त्याच्या जवळचा. थॉमस कॅव्हेलियर-स्मिथ यांनी १९८१मध्ये अशा जीवांसाठी क्रोमिस्टा ही सृष्टी सुचवली होती.

सरगॅसम हिरव्या वनस्पतींच्या वंशातले नसेल, तर त्याला प्रकाशसंश्लेषण आले कुठून? इथे वंशावळीच्या सरळ रेषा एकमेकींत गुंततात. १९६७मध्ये लिन मार्ग्युलिस यांनी मांडले, की तंतुकणिका आणि हरितलवके हे एकेकाळचे स्वतंत्र जीवाणू होते, जे दुसऱ्या पेशीत शिरून तिथेच स्थायिक झाले. पुढे त्यांच्यातल्या रायबोसोमचा मजकूर वाचल्यावर ते सिद्ध झाले. हरितलवकाचा मजकूर नीलहरित जीवाणूंशी जुळतो. वनस्पतींच्या पूर्वजाने असा जीवाणू सामावून घेतला. तपकिरी शेवाळांच्या पूर्वजाने मात्र आधीच हरितलवक असलेले एक लाल शेवाळ अख्खे सामावून घेतले, म्हणून त्यांच्या हरितलवकाभोवती जास्तीची आवरणे आढळतात. हिवतापाच्या परजीवीतही अशाच एका लाल शेवाळाचा अवशेष आहे. तो परजीवी रक्तात राहतो, त्याला उजेडाचा उपयोग नाही, तरीही त्या अवशेषात जीवाणूंच्या धाटणीचे रायबोसोम आहेत. जीवाणूंवरचे डॉक्सिसायक्लिन हिवतापावरही चालते ते त्यामुळे.

आज सृष्टी किती? २०१५मध्ये शास्त्रज्ञांच्या एका गटाने व्यवहारासाठी सात सृष्टींची यादी प्रसिद्ध केली : बॅक्टेरिया, आर्किया, प्रोटोझोआ, क्रोमिस्टा, कवके, वनस्पती आणि प्राणी. त्यांनी व्यवहारासाठी असे म्हटले ते प्रामाणिकपणे, कारण त्यातली प्रोटोझोआ ही सृष्टी पूर्वज-वंशजांचा नियम पाळत नाही. २०२४मध्ये आदिकेंद्रकी जीवांच्या नामकरणाच्या नियमांखाली दोन डोमेन आणि सात सृष्टींची नावे पहिल्यांदा अधिकृतपणे नोंदली गेली. त्यांतल्या चार सृष्टी एकट्या बॅक्टेरियात आहेत आणि तीन आर्कियात. मोनेरा म्हणून एका ओळीत उरकलेल्या जीवांच्या इतक्या सृष्टी झाल्या. शाळेत पंचसृष्टी शिकवायला माझी हरकत नाही. तिचे प्रश्न मुलांना समजतात आणि डबक्याचे पाणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून ते विचारता येतात. पण आर्कियाचे नाव आठवीतल्या मुलाच्या कानावर पडायलाच हवे.

तीन डोमेनचा आराखडाही आता हलतो आहे. २०१५मध्ये ग्रीनलंड आणि नॉर्वे यांच्या मधल्या समुद्रतळाच्या गाळातून काढलेल्या डीएनएत आर्कियांचा एक नवा गट सापडला. आपल्यासारख्या केंद्रकवाल्या पेशींखेरीज कुठेच नसतील असे वाटलेली काही जनुके त्याच्यात होती. जपानी शास्त्रज्ञांनी त्यांच्यापैकी एक जीव प्रयोगशाळेत वाढवून दाखवला. त्याला एकदा दुप्पट व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, आणि या साऱ्या खटाटोपाला बारा वर्षे लागली. २०२०मध्ये तो निबंध प्रसिद्ध झाला. आज बहुतेक पुरावा सांगतो, की केंद्रक असलेले सगळे जीव, शेवाळ, अळंबी, माणूस धरून, आर्कियाच्याच एका फांदीतून फुटले. तसे असेल तर डोमेन दोनच, आणि आपले आर्कियाच्या आतले.

केंद्रकवाल्या जीवांतही सगळी मोजदाद झालेली नाही. कॅनडातल्या डलहौसी विद्यापीठाच्या एका विद्यार्थिनीने नोव्हा स्कोशियात रानातून चालताना थोडी माती गोळा केली. प्रयोगशाळेत पाण्यात ठेवल्यावर त्यात कशाभिकांच्या दोन रांगा असलेला, दुसऱ्या सूक्ष्मजीवांची शिकार करणारा एक एकपेशीय जीव दिसला. हेमिमॅस्टिगोट म्हणतात त्यांना. एकोणिसाव्या शतकापासून त्यांची वर्णने आहेत, पण त्यांची जनुके कोणी वाचली नव्हती. २०१८मध्ये ३५१ जनुके ताडून पाहिली, तेव्हा ते प्राण्यांत बसले नाहीत, कवकांत नाहीत, वनस्पतींत नाहीत, सरगॅसमच्या घराण्यातही नाहीत. त्यांची फांदी स्वतंत्र आहे. सात सृष्टींच्या यादीत त्यांना सध्या प्रोटोझोआखेरीज जागा नाही.